शंभर बायकांपुढे

माधवनगर,
मंगळवार, ५ मार्च १९४६

ती. सासूबाईंना,

आज सकाळी खोली उघडली, भांडी उकळून घेतली. दोन बायका पोट दाखवायला आल्या. दुपारी वारा सुटला आणि गिरणीकडून कापसाची तूस उडत येऊ लागली, म्हणून दार लावून घेतले. त्यानंतर टपाल आले. त्यात तुमचे कार्ड होते.

पुण्याला नर्सिंग शिकत असताना आणि इथे सुईण म्हणून लागल्यावर मी तुम्हाला पत्रे घातली, त्यांना तुमचे उत्तर आले नव्हते. तुमचे अक्षर पाहून आधी खाली बसले. पत्त्यावर तुम्ही मला ‘सौ.’ लिहिले आहे. पोस्टमनने विचारले, “साताऱ्याचं हाय. सासरचं व्हय, बाई?” मी हो म्हटले.

थोरल्या भावोजींच्या कचेरीत सांगलीच्या कोणा गृहस्थांनी हस्तपत्रक आणले, त्यात माझे नाव होते, ते खरे का असे तुम्ही विचारता. ते खरे आहे. ‘बाळंतीण आणि बाळ’ या विषयावर मी सांगलीला बायकांपुढे बोलले. घरात चार माणसांत ज्या येसूच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती ही कशी, असे तुम्हाला वाटले असेल. मलाही वाटते.

दुसरे तुम्ही विचारता की तिथे ‘सौ.’ छापले आहे आणि माझ्या कपाळी कुंकू होते असे त्या गृहस्थांनी सांगितले, तर मला ह्यांच्याविषयी काही कळले आहे का. मला लष्कराकडून पत्र आलेले नाही. बाकीचे सवडीने लिहीन.

गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांधत जा. वहिनींना नमस्कार.

येसू


माधवनगर,
१९ मार्च

ती. सासूबाईंना,

आज कोणी आले नाही. दुपारी भावोजींच्या कचेरीतला शिपाई अर्जुना आला. त्याची बहीण इथे मिरजेला दिली आहे, तिच्याकडे जाता जाता तुम्ही दिलेला डबा घेऊन आला. रव्याचे लाडू पोचले. पाणी प्यायला बसला आणि त्याने सहज सांगितले, “आजी आता खडखडीत हायती. लष्कराची गाडी येनार म्हटलं की सर्व्हिस मोटारीत बसून सातारा रोडला जात्यात. शिंगापूरचं कैदी सुटून याया लागल्यात न्हवं? बारक्या धन्याची ट्रंक उन्हात काढलीया. कोट झटकून ठिवलाय.”

मी त्याला लाडू दिला. तो म्हणाला, “आवं, मला काय देता, तुमास्नी धाडलेत. आजी म्हनल्या, तिला सांग, कळलं असंल तर दडवू नको म्हनावं.”

मी दडवलेले नाही. पण मागच्या पत्रात सगळे लिहिलेही नाही. ते आज लिहिते.

मी इथे आले ते गिरणीच्या दवाखान्याने बाळंतपणासाठी एक खोली काढली म्हणून. दोन खाटा आहेत, नळ आहे. पण कोणी येईना. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दारावरून बायका जायच्या, आत बघायच्या आणि पुढे हरणाबाईकडे जायच्या. हरणाबाई ही इथली जुनी सुईण. मागावर बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या जन्माला तीच होती. एकदा पाणी भरताना मी कानांनी ऐकले. एक म्हणाली, “नर्स बरी हाय की गं, सवच्छ हाय.” दुसरी म्हणाली, “सवच्छ हाय, पर कपाळ बगितलंस का? म्हातारी रांडाव चालती. तरणी, आन् तिचं सोताचं बाळंतपण न्हाई झालेलं. तिची सावली कशाला पाडायची?” मी घागर भरून घेऊन आले.

गिरणीच्या पंचांनी सांगितले की उन्हाळ्यापर्यंत बायका आल्या नाहीत तर खोलीत सुताच्या पेट्या ठेवू. मॅनेजरांच्या पत्नी शरयूबाई माझ्या बाजूच्या. खोलीची कल्पनाच त्यांची. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही बोलतच नाही, तर लोकांना कळणार कसं तुम्हाला काय येतं ते? वकील बोलतात, डॉक्टर गणपतीत व्याख्यानं देतात, उगीच का? माणूस उभं राहून बोललं की लोकांना वाटतं, ह्याला येतंय. माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. पाऊणशे-शंभर बायका येतील. तिथं उभ्या राहा.”

मी म्हटले, मी हळदीकुंकवाला कशी येऊ? त्या म्हणाल्या, “हळदीकुंकवाला नाही हो. भाषणाला.”

भाषण लिहून पाठ केले. खुर्ची दिली होती तिच्यापाशी उभी राहिले. अंगावर नर्सचे पांढरे लुगडे. पहिली दोन वाक्ये आली. मग समोर हरणाबाई बसली होती ती मोठ्याने म्हणाली, “आवं बाई, प्वार काय भाषणानं खाली येतंय व्हय?” सगळ्या हसल्या. मागून कोणी म्हणाली, “येतंय की, भ्याऊन!” पुन्हा हसल्या. माझे पुढचे सगळे गेले. एक शब्द आठवेना. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

शरयूबाईंची भाची पुण्याहून आली होती. नवीन लग्न झालेली मुलगी. तिला कोणी काही सांगितले नव्हते आणि पांढरे लुगडे तिला नर्सचे म्हणूनच ठाऊक. तिला वाटले, पाहुण्या थांबल्या आहेत त्या मान घ्यायला थांबल्या आहेत. ती तबक घेऊन पुढे आली. तिचे बोट माझ्या कपाळाकडे येताना मला दिसत होते. हात धरायला हवा होता. सासूबाई, माझा हात खुर्चीवर होता तो उठला नाही. तिने हळद लावली, कुंकू लावले, पदरात ऊस, बोरे, हरभरे घातले.

सगळ्या माझ्या कपाळाकडे बघू लागल्या.

मग मी बोलले. पाठ केलेले नाही. हरणाबाईला विचारले, नाळ कशाने कापता? ती म्हणाली, “इळ्यानं. चांगल्या धारंच्या.” आदल्या दिवशी विळ्याने काय कापले होते? “काय कापायचं? कडबा.” थोड्या हसल्या. मी म्हटले, ज्यांचे बाळ आठवड्याच्या आत जबडा मिटून, दूध न ओढता, अंग ताठून गेले असेल त्यांनी हात वर करा. आधी कोणी केला नाही. मग मनुबाई म्हणून एक विणकऱ्याची सून आहे, तिने केला. मग तिच्या शेजारणीने. मग इकडून तिकडून वर होत गेले. हरणाबाईने हात वर केला नाही, पण ती हसायची थांबली. मी पिशवीतून कात्री काढून दाखवली. पाणी खदखदा उकळायचे आणि कात्री त्यात चांगला वेळ ठेवायची, एवढेच सांगितले. जास्त काही मला सांगताच आले नाही.

निघताना शरयूबाईंना आत बोलावून म्हटले की हे मी पुसते. त्यांनी माझे मनगट धरले. “आत्ता नको. बाहेर बायका उभ्या आहेत. सभा जिंकलीत, आता कपाळ पुसून बाहेर गेलात तर काय म्हणतील? विश्वास बसू दे. मग सांगू हळूच.”

दुसऱ्या दिवशी मनुबाईची सासू बनुबाई खोलीवर आली. “भाषनवाल्या बाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?” म्हणाली, “आमाला म्हाईतच न्हवतं बाई, तुमचं मालक हायती म्हनून. पांढऱ्या लुगड्यानं घोटाळा केला बगा. कुठं असत्यात?” मी म्हटले, पलटणीत. ते खोटे नव्हते.

तेव्हापासून बायका येतात. सांगलीच्या बायकांनी बोलावले, त्यांनी शरयूबाईंना नाव विचारून पत्रक छापले. कुंकू असे आले आहे. दुसऱ्या कशाने नाही.

लाडू चांगले झाले आहेत.

येसू


माधवनगर,
३० मार्च

ती. सासूबाईंना,

आज एक बाळंतपण झाले, मुलगी, दोघी नीट आहेत. बाकी दिवस रिकामा होता.

भावोजींचे पत्र आले. ते लिहितात की माझे पत्र त्यांनी तुम्हाला वाचून दाखवले. तुम्ही म्हणालात, “ती सगळं लिहिते, पण तो नाही असं कुठं लिहिलंय?” ते लिहितात, तुम्ही वैशाखातले श्राद्ध करायचे नाही म्हणून भटजींना सांगून आला आहात.

माझ्याकडून लिहिले गेले नाही हे खरे. आज लिहिते. ते नाहीत. मला काहीही कळलेले नाही. ब्रह्मदेशातून ह्यांच्याबरोबर निघालेला सयाजी जे सांगून गेला तेवढेच मला माहीत आहे, आणि ते तुम्हीही त्याच वेळी ऐकले आहे.

तो औंधाकडचा पोरगा सोप्यात बसायलाही तयार नव्हता. पायात बूट नव्हते, पाय अजून सुजलेले होते. तो म्हणाला होता, “ताप लय चढला हुता, आई. चालवंना. मागं जपानी, फुडं डोंगार. मला म्हनलं, सयाजी, तू हो फुडं, मी जरा पडतो. झाडाखाली बसलं, चष्मा काढला, बुटात ठिवला आन् आडवं झालं. मी म्होरल्या मुक्कामावरनं पानी घिऊन माघारी आलो तवा सपलं हुतं.” तुम्ही विचारलेत, “अग्नी दिलास का तू?” तो म्हणाला, “न्हाई, आई. पाऊस लय हुता. माझं कांबळं घातलं आंगावर.” तुम्ही म्हणालात, “मग गेला कशावरून? झोपला असेल.”

चष्मा बुटात ठेवायची सवय त्यांना तुम्ही लावली होतीत. तुम्हीच मला लग्नानंतर सांगितले होते की शाळेत असताना दोन काचा फुटल्या, तेव्हापासून जोड्यात ठेवायला शिकवले, म्हणजे कोणाचा पाय पडत नाही आणि सकाळी शोधावा लागत नाही. सयाजीला हे रचून सांगता आले नसते. त्याने ते सांगितले तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मग तुम्ही उठून देवघरात गेलात आणि मी मोरीत जाऊन कपाळ धुतले.

मला कोणी धू म्हटले नव्हते. भावोजींनी देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी केला तो पुढे कितीतरी महिन्यांनी. म्हणून तुम्ही शेजारच्या काकूंना म्हणालात की हिने पुसलं म्हणून तो गेला, आणि माझ्याशी बोलणे सोडलेत. त्याबद्दल मी कधी काही म्हटले नाही, आताही म्हणत नाही. पण आता कुंकू लागले म्हणून ते येणार, असे नाही. कृपा करून स्टेशनावर जाऊ नका.

येसू


माधवनगर,
१३ एप्रिल

ती. सासूबाईंना,

उन्हाळा फार आहे. आज नळाला पाणी नव्हते, विहिरीवरून आणले. भांडी उकळली. मनुबाई येऊन गेली, तिचे आता दिवस भरत आले. तुमचे पत्र दुपारी मिळाले. दोनदा वाचले.

तुम्ही लिहिता, “कागदावर माणूस काय वाटेल ते लिहितो. माझ्या मनाला लागू नये म्हणूनही लिहील, स्वतःच्या सोयीसाठीही लिहील. छापलेल्या कागदावर तू सवाष्ण, हाताने लिहिलेल्यावर नाहीस. मी कोणता खरा मानू? शंभर बायकांपुढे उभी राहून कुंकू मिरवलेस ना? मग शंभर बायकांपुढेच उभी राहून सांग, अंतू नाही म्हणून. मग मी मानीन. तोवर स्टेशनावर जाईन.”

मी मिरवले नाही. पण ते राहू द्या.

तुम्ही सांगता ते मला करता येणार नाही असे लिहायला बसले आहे. कारण लिहिते. मनुबाईची आधीची दोन बाळे तशीच गेली, दुसरे तर पाचवी व्हायच्या आत. तिसऱ्यासाठी तिला माझ्या खोलीत आणायला बनुबाई कबूल झाली आहे. ती कशासाठी कबूल झाली ते मला माहीत आहे. शरयूबाईंकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे, तिथे मला पुन्हा बोलायला सांगितले आहे. तिथे मी हे सांगितले तर बनुबाई सुनेला हरणाबाईकडे नेईल. तो विळा मी पाहिला आहे.

शरयूबाईंना तुमचे पत्र दाखवले. त्यांनी ते वाचून घडी करून परत दिले. मग म्हणाल्या, “म्हाताऱ्या माणसाचं मन आहे. समजूत घाला काहीतरी. मनूचं होऊ दे, मग सांगा हवं तर गावभर. आत्ता सांगून कोणाचं भलं होणार आहे?” मी म्हटले, त्या रोज उन्हात स्टेशनावर जातात. त्या म्हणाल्या, “दिराला सांगा, घरात ठेवा म्हणावं.”

मीही तुम्हाला तेच विनवते. एक महिना थांबा. मनुबाई सुटली की मी सांगेन.

सकाळी कुंकू लावताना आरसा घेत नाही. अंदाजाने लावते. बनुबाई मला म्हणाली, “बाई, तुमचं कुक्कू रोज येगळ्या जागी असतंय.”

येसू


माधवनगर,
३० एप्रिल

ती. सासूबाईंना,

आज खोली उघडली होती. कोणी आले नाही. कालही नाही. परवा शरयूबाईंकडे चैत्रगौर होती.

परवा सकाळीच भावोजींची तार आली की तुम्ही सातारा रोडला फलाटावर चक्कर येऊन पडलात, शुद्धीवर आहात, काळजी नको. त्यात माझ्यासाठी आणखी काही नव्हते. भावोजी मला बोल लावून लिहिणार नाहीत. पण मला तुम्ही फलाटावर दिसत होतात. जो डबा थांबेल त्यातल्या प्रत्येक खाकी कपड्याकडे बघणाऱ्या.

मी गेले ते न सांगण्याचे ठरवूनच गेले. शरयूबाईंना तसे म्हटलेही. गौर छान मांडली होती, कलिंगड कापून कमळे केली होती, पन्हे होते, डाळ होती. संक्रांतीपेक्षा जास्त बायका होत्या. सांगलीहूनही आल्या होत्या. मनुबाई भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. हरणाबाई पुढे होती. मला पाहून म्हणाली, “बोला बाई, आज काय उकळायचं?” सगळ्या हसल्या. या वेळी ते हसणे माझ्या बाजूचे होते. माझ्याबरोबर असे कधी कोणी हसले नव्हते.

मी उभी राहिले. बाळंतिणीच्या जेवणाविषयी बोलायचे होते. त्याच मुलीचे तबक पुन्हा आले. ती आता मला ओळखत होती, हसत आली. तिने बोट कुंकवात बुडवले. माझा हात वर झाला आणि मी कपाळ झाकले. मी ठरवले नव्हते. संक्रांतीला उठला नाही तो हात परवा आपणहून उठला, एवढेच मला सांगता येते.

ती म्हणाली, “काय झालं?”

मी म्हटले, “मला हे लागत नाही. माझे यजमान ब्रह्मदेशातून येताना वाटेत वारले. चार वर्षं झाली.”

‘वारले’ हा शब्द मी तोवर मोठ्याने म्हटला नव्हता. तुमच्यापुढेही नाही. आतल्या खोलीत कोणी पन्हे ढवळत होते ते ऐकू आले.

बनुबाई उठली. ती रागावली नव्हती, घाबरली होती. म्हणाली, “मग सक्रांतीला का लावून घेतलंस, बाई?” मी म्हटले, “मला नाही म्हणता आलं नाही.” ती म्हणाली, “आन् मला म्हनालीस, पलटनीत हायती.” तिने मनुबाईला दंडाला धरून उठवले. मनुबाई माझ्याकडे बघत होती. ती जायला तयार नव्हती, राहायलाही नव्हती. “आत्याबाई, त्या कात्रीचं...” एवढे म्हणाली. बनुबाई म्हणाली, “गप ऱ्हा. दोन गेल्यात, आता तिसऱ्याला कशाची सावली लावून घ्यायची न्हाई,” आणि तिला घेऊन गेली. तिच्यामागून आणखी उठल्या. काही बसून राहिल्या, पण त्या गौरीसाठी. मी जेवणाविषयी थोडे बोलले. हरणाबाई शेवटपर्यंत बसली. उठताना मला म्हणाली, “खरं बोललीस. पर लय उशिरा.”

शरयूबाई पोचवायला दारापर्यंत आल्या नाहीत.

तुम्ही सांगितले तसे मी केले. शंभर होत्या की नाही ते मोजले नाही. आता तुम्ही मानायला हवे. भावोजींच्या कचेरीत सांगलीचे गृहस्थ येतात त्यांना विचारा, त्यांच्या घरच्या बायका तिथे होत्या. श्राद्ध करा. आणि आता फलाटावर जाऊ नका, मी हात जोडते.

येसू


माधवनगर,
२५ मे

ती. सासूबाईंना,

आज ढग आले होते, पडला नाही. खोलीत कोणी नाही. पंच पुढच्या महिन्यात ठरवणार आहेत. सुताच्या दोन पेट्या आताच आणून भिंतीशी ठेवल्या आहेत, जागा रिकामी आहे म्हणून.

तुमचे कार्ड काल आले. पोस्टमन दारात थांबला. पत्त्यावर तुम्ही ‘गं. भा. येसू’ लिहिले आहे. तो म्हणाला, “मागल्या बारीला येगळं हुतं.” मी म्हटले, “हो. हे बरोबर आहे.” त्याने ते उंबऱ्यावर न ठेवता माझ्या हातात दिले, एवढे मला बरे वाटले.

कार्डावर एकच ओळ आहे, की वैशाख अमावास्येला श्राद्ध आहे, तू ये. मी आदल्या दिवशी गाडीत बसेन. तुम्ही स्टेशनावर येऊ नका. मी मोटारीने घरी येईन. कोट मी आल्यावर आपण दोघी मिळून ट्रंकेत घालू.

तुमचे अक्षर फार कापरे आले आहे. तुम्ही काही खाता की नाही हे विचारायचे राहून जाते.

मनुबाईला मुलगा झाला. हरणाबाईकडेच झाला. तिच्या कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळी मी ओटा धूत असताना हरणाबाई आली. आत आली नाही, पायरीपाशी उभी राहिली. “तुझ्याकडं दोन कात्र्या हायती न्हवं?” मी हो म्हटले. “एक दे. किती येळ उकळायची म्हनालीस?” मी सांगितले. मी म्हटले, मी येते तुमच्याबरोबर, दारातच थांबेन. ती म्हणाली, “ते नगं. बनू दारात बसलीया. कात्री दे.” मी उकळून, फडक्यात गुंडाळून दिली. ती हातात घेऊन म्हणाली, “कुनाला सांगू नगंस, तुझ्याकडनं नेली म्हनून.” मी कोणाला सांगितले नाही. तुम्हाला सांगते आहे.

नंतरचे दिवस मी खोलीत नुसती बसून काढले. बाळ दूध ओढते का, जबडा मोकळा आहे का, हे मला कोणी सांगणारे नव्हते आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. त्यांच्या घराकडून रडण्याचा आवाज आला की तो बाळाचा की बायकांचा ते ऐकत बसे. मग परवा सकाळी नळावर दोघी बोलत होत्या, की बनूनं पाचवी केली, आता बारशाला घुगऱ्या वाटणार. मी घागर भरली आणि आले.

बारशाचे बोलावणे मला येणार नाही. ते आले असते तरी मी गेले नसते.

हरणाबाईने कात्री परत आणली नाही. पण काल एक मुलगी येऊन पायरीवर ठेवून गेली, धुतलेली, आणि म्हणाली, म्हातारीनं सांगितलंय, उद्या सांजच्याला पुन्हा लागंल. कोणाची वेळ आहे ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही.

आता सांज होत आली. पातेले चुलीवर आहे, पाणी खदखदते आहे. कात्री काढून निवत ठेवते आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून पायरीच्या कोपऱ्यात, वरून दिसेल अशी ठेवते.